पूर लपवणारी गावं

इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये सांता क्रोचे चर्चपासून जवळच व्हिया सान रेमिजो नावाची अरुंद गल्ली आहे. तिथल्या एका कोपऱ्यावरच्या भिंतीत, मान वर केल्याशिवाय दिसणार नाहीत इतक्या उंचीवर, दोन पाट्या बसवल्या आहेत. जुन्या पाटीवर दगडात लाटा कोरल्या आहेत, लाटांतून एक हात वर आला आहे आणि त्याचं बोट एका रेघेकडे आहे. आर्नो नदीचं पाणी ४ नोव्हेंबर १३३३ रोजी इथवर चढलं होतं. दुसरी पाटी त्या रेघेच्या थोडी वर. तारीख तीच, ४ नोव्हेंबर, साल १९६६. मधे ६३३ वर्षं गेली, नदीला काठ बांधले गेले, शहर काही वर्षं देशाची राजधानीही होऊन गेलं, आणि पाणी पुन्हा त्याच कोपऱ्यावर आलं, ते पहिल्यापेक्षा जास्तच.

खालून पर्यटकांचे थवे जातात, वर बघणारे थोडे. तरी पाटी आहे, आणि ज्याला बघायचं त्याला दिसते. बहुतेक नदीकाठच्या जुन्या गावांत एवढंही नसतं. ‘ऐतिहासिक’ आणि ‘नदीकाठचं’ या दोन शब्दांवर त्यांचा सगळा धंदा चालतो, आणि ‘पूर येणारं’ हा तिसरा शब्द सोयीने गिळला जातो. माहितीपत्रकात नदी असते ती सूर्यास्ताच्या फोटोत. नकाशावर खाण्याच्या जागा असतात, पार्किंग असतं, स्वच्छतागृहं असतात. पाणी चढलं तर कोणत्या गल्लीने वर जायचं, हे कुठेच नसतं. भिंतीवरच्या जुन्या खुणा रंगकामात बुजतात आणि त्याबद्दल कुणी तक्रारही करत नाही.

पर्यटनावर पोट असलेल्यांचं म्हणणं सरळ आहे: विचारलं तर सांगू, उगाच घाबरवायचं कशाला? आमचं मत बरोबर उलटं आहे. पुराच्या गावात आलेला पाहुणा हा नुसता गिऱ्हाईक नसतो. त्याची गाडी, त्याची खोली, त्याची येण्याची आणि परतण्याची वेळ हे सगळं पुराच्या व्यवस्थेचे भाग असतात, त्याला माहीत असो वा नसो. त्याला अंधारात ठेवलं की व्यवस्थेचा तेवढा भाग ऐन वेळी निकामी होतो.

आधी एक गैरसमज दूर करू. जुनी माणसं अडाणी होती म्हणून पात्रात घरं बांधून बसली, असं समजलं जातं. नदी जिथे उतार देते किंवा जिथे पूल घालता येतो तिथे बाजार भरतो, आणि बाजार भरतो तिथे गाव वसतं. पाणी येणार हे गृहीत धरूनच ही गावं बांधली गेली. व्हिएतनाममध्ये थू बोन नदीकाठी होई आन हे जुनं व्यापारी बंदर आहे, १९९९ पासून जागतिक वारसा यादीत. तिथल्या व्यापाऱ्यांच्या घरांत माळ्याच्या फळ्यांमध्ये चौकोनी झाकण ठेवलेलं असतं. पाणी चढू लागलं की झाकण उघडायचं आणि खालचा माल दोराने वर ओढून घ्यायचा. म्हणजे खालचा मजला पाण्याला देऊन टाकायचा, हे घर बांधतानाच ठरलेलं. इंग्लंडमधल्या ट्यूक्सबरीला सेव्हर्न आणि एव्हन नद्यांचा संगम आहे. जुलै २००७ च्या पुरात तिथला मठ चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला, स्वतः मात्र जवळजवळ कोरडा, असा हवाई फोटो जगभर गाजला. बाराव्या शतकातल्या बांधणाऱ्यांनी उंचवटा बरोबर हेरला होता. त्याच पुरात बुडालं ते जवळचं, कितीतरी नंतर बांधलेलं जलशुद्धीकरण केंद्र, आणि सुमारे साडेतीन लाख माणसांचे नळ कोरडे पडले, काही ठिकाणी दोन आठवड्यांहून जास्त.

पाहुण्याला हा दुसरा भाग कधी सांगितला जात नाही. रस्ता कोरडा दिसतो, हॉटेल उघडं असतं, पण गावाला पिण्याचं पाणी नसतं आणि मैला वाहून नेणारे पंप बंद असतात. अशा वेळी एक मुक्कामी पाहुणा म्हणजे रोजच्या दीड-दोनशे लिटर पाण्याची जादा मागणी. ‘आमच्याकडे पूर ओसरला, या’ हे आमंत्रण देण्याआधी या दोन गोष्टी सुरू झाल्या आहेत का, हे गावाने बघावं आणि पाहुण्याने विचारावं.

आता खुणांकडे वळू, कारण पूर उघडपणे दाखवण्याचा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ मार्ग तोच आहे. जर्मनीत पासाउ गावाला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात. तिथल्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर पुरांच्या रेघा एकीवर एक मांडलेल्या आहेत. ३ जून २०१३ ला डॅन्यूबची पातळी १२.८९ मीटर झाली, १९५४ च्या १२.२० ला मागे टाकून. तिच्या वर राहिली ती १५०१ ची. या रेघांसमोर दोन मिनिटं उभं राहिलं तरी ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दांचा फोलपणा कळतो.

पण खूण वाचायलाही यावी लागते. जर्मनीतल्याच कोलोनला ऱ्हाइन नदीची पातळी १७८४ च्या फेब्रुवारीत १३.५५ मीटरला गेली होती. १९९३ आणि १९९५ चे मोठे पूर त्याच्या जवळपासही नाहीत, दोन्ही पावणेअकरा मीटरच्या आतले. म्हणून १७८४ ला नदीत अफाट पाणी होतं असं म्हणाल तर फसाल. तो बर्फाचा पूर होता. गोठलेल्या नदीतले बर्फाचे तुकडे अडकले, त्यांचा बांध झाला आणि पाणी मागे तुंबत गेलं. काही खुणांच्या बाबतीत घर पाडून पुन्हा बांधताना दगड वर-खाली सरकलेला असतो, काही ठिकाणी रस्ताच भर घालून उंच केलेला असतो. म्हणून नुसती रेघ आणि साल पुरेसं नाही. पाणी कशाने चढलं आणि ते आजच्या रस्त्यापासून किती उंच आहे, हे दोन शब्दांत तरी लिहायला हवं.

खुणांना कुणी महत्त्व दिलं नाही तर काय होतं, याचं उदाहरण फार जुनं नाही. जर्मनीतल्याच आर नदीच्या खोऱ्यात १८०४ आणि १९१० साली भीषण पूर आले होते. नोंदी होत्या. पण धोक्याचे नकाशे करताना आधार घेतला गेला तो मोजणी केंद्रावरच्या आकड्यांचा, आणि ती मोजणी १९४० च्या दशकात सुरू झालेली. दोन्ही मोठे पूर हिशेबाबाहेर राहिले. जुलै २०२१ मध्ये पाणी नकाशावरच्या रेघांच्या कितीतरी पलीकडे गेलं आणि त्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसं गेली. पर्यटकांना आवडणारं, द्राक्षमळ्यांचं, जुन्या घरांचं ते खोरं आहे. गावातल्या माणसांनाच आपला पूर आठवत नसेल तर पाहुण्याला कोण सांगणार?

दुसरी अडचण आकड्यांची. बातमीत ‘नदी ५ मीटरवर’ असं येतं आणि बाहेरचा माणूस रस्त्यात पाच मीटर पाणी डोळ्यांसमोर आणतो. नदीच्या मोजपट्टीचा शून्य कुठे आहे, यावर सगळं अवलंबून असतं. कधी तो उन्हाळ्यातल्या पाण्याच्या पातळीवर असतो, कधी तळाच्याही खाली, कधी कुणी एके काळी सोयीने ठरवलेल्या दगडावर. व्हेनिस हे नदीकाठचं नव्हे, खाजणातलं शहर, पण हे गणित तिथे सर्वांत सोपं दिसतं. तिथला शून्य १८९७ साली ठरलेला आहे, आणि सान मार्को चौक त्या शून्यापासून जेमतेम ८० सेंटीमीटर वर. म्हणून मोजपट्टीवर १४० दाखवलं तर चौकात पाणी साधारण ६० सेंटीमीटर, गुडघ्याच्या वर. शहराचे उंच भाग तेव्हाही कोरडे असतात. एवढं साधं रूपांतर करून न दिल्यामुळे बाहेरचे लोक एक तर गरज नसताना बुकिंग रद्द करतात किंवा गरज असताना येऊन थडकतात.

जुन्या लोकांनी याचा तोडगा काढला होता. नाशिकला गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर किती, हे विचारायचं झालं तर लोक आकडा विचारत नाहीत. मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते विचारतात. गुडघे, कंबर, छाती, गळा. चेक देशाची राजधानी प्राहामध्ये (म्हणजे प्रागमध्ये) चार्ल्स पुलाजवळ काठाच्या भिंतीत दाढीवाल्या माणसाचा दगडी चेहरा बसवला आहे. व्हल्टावा नदीचं पाणी त्या चेहऱ्यावर कुठवर चढलं, यावरून तिथले लोक अंदाज बांधत. दोन खंडांतल्या दोन गावांना एकच युक्ती सुचली, कारण शरीराचं माप कुणालाही समजतं. त्याची मर्यादा एवढीच की मारुती आत्ताचं सांगतो, सहा तासांनंतरचं नाही.

सहा तासांनंतरचं काढायला तीन आकडे लागतात: आत्ताची पातळी, ती तासाला किती चढते आहे, आणि तुम्ही जिथे आहात ती गल्ली कोणत्या पातळीला भिजते. समजा पातळी ४.२० मीटर, गल्ली भिजते ५.०० ला, चढ तासाला १० सेंटीमीटर. कागदावर आठ तास आहेत. ते चारच धरावेत, कारण चढण्याचा वेग स्थिर राहत नाही आणि वरच्या अंगाला आणखी एखादी उपनदी मिळत असेल तर तो एकदम वाढतो. शिवाय वर धरण असेल तर वेग पावसावर नाही, दरवाजे किती उघडले त्यावर ठरतो. ऱ्हाइनसारख्या लांब, मोठ्या नदीवर कोलोनला काही दिवस आधी कळतं. आर्नोसारखी डोंगरातून येणारी नदी काही तासांत चढते. पहिल्या प्रकारच्या गावात इशारा आल्यावर सामान बांधून, जेवून निघता येतं. दुसऱ्या प्रकारच्या गावात इशारा आला म्हणजे निघायचं, जेवण वाटेत.

आणि पाणी काठावरून येईल या भरवशावर नदीकडे तोंड करून बसू नये. जुन्या गावात ते आधी पाठीमागून, गटाराच्या जाळीतून वर येतं. रस्त्याचं पावसाचं पाणी नदीत सोडणारे नळ असतात; नदी त्या तोंडांच्या वर गेली की तेच नळ उलटे वाहतात. तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवलेली असते, पण तिच्या झाकणात एक काटकी अडकली तरी ते पूर्ण मिटत नाही. काठाला भिंत उभी, भिंतीमागे रस्त्यावर घोटाभर पाणी, असं दृश्य दिसलं की बहुधा हेच झालेलं असतं. अशा पाण्यात मॅनहोलचं झाकण उचललं जाऊन बाजूला गेलेलं असतं आणि वरून काही दिसत नाही. त्यात न उतरायला हे एकच कारण पुरे आहे.

भिंतीचा विषय निघालाच आहे तर तो नीट पाहू, कारण सार्वजनिक पैसा सर्वांत जास्त तिथे जातो आणि वादही तिथेच होतात. कायमची उंच भिंत बांधली तर गाव वाचतं, पण नदी दिसेनाशी होते. आणि नदी दिसणार नसेल तर पाहुणा तिथे कशाला येईल? म्हणून अनेक जुन्या शहरांनी सुट्या भागांची भिंत निवडली. ऑगस्ट २००२ च्या पुरात प्राहाचं जुनं शहर अशाच भिंतीने वाचलं. जिथे ती अजून उभी करता येत नव्हती ते भाग बुडाले, मेट्रोची स्थानकंही गेली.

ही भिंत म्हणजे काय? काठाच्या फरसबंदीत ठरावीक अंतरावर पोलादी तळपट्ट्या पुरलेल्या असतात, वर झाकणं. पुराचा इशारा आला की झाकणं काढायची, खांब बोल्टने कसायचे, खांबांच्या खाचांत ॲल्युमिनियमच्या पोकळ फळ्या एकीवर एक सरकवायच्या, वरून शिकंजे आवळायचे. फळ्यांच्या मधे आणि सर्वांत खाली रबरी पट्टी. सगळं सोपं वाटतं. बिघडतं ते असं: बोल्टच्या भोकांत वाळू आणि सिगारेटची थोटकं भरलेली असतात, झाकणं गंजून बसलेली असतात, रबर उन्हाने तडकलेलं असतं, जुन्या दगडी फरशीवर खालची पट्टी सपाट बसत नाही आणि पाणी झिरपत राहतं. म्हणून भिंतीमागे पंप लागतात, पंपांना वीज लागते. वर्षातून एकदा तरी रंगीत तालीम न करणाऱ्या गावाकडे भिंत नसून गोदामात पडलेलं ॲल्युमिनियम आहे, असंच समजावं.

पण आणखी एक अडथळा आहे आणि तो पाहुण्याच्या नावावर जातो. तळपट्ट्यांची ओळ काठाकाठाने जाते. काठावरच सर्वांत सुंदर दृश्य असतं, म्हणून काठावरच गाड्या उभ्या असतात. रात्री दोन वाजता भिंत उभी करणाऱ्यांना पट्टीवर उभी असलेली गाडी सापडते आणि मालक कुठल्या खोलीत झोपला आहे कुणालाच माहीत नसतं. साखळीत एक कडी कमी म्हणजे साखळीच नाही. एका खांबाची जागा अडली तर दोन्ही बाजूंची भिंत शोभेची. पूर येणाऱ्या प्रत्येक गावाने काठावरच्या पार्किंगच्या पाटीवर लिहावं की या जागेखाली पूरभिंतीचा पाया आहे, इशारा आला की गाडी उचलली जाईल आणि खर्च मालकाचा. हे वाचून कुणी घाबरत नाही. उलट गाव शहाणं आहे, याची खात्री पटते.

यंत्रणेवर किती विसंबायचं, याचं उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कने दिलेलं आहे. तिथे फॉस ही छोटी नदी मोठ्या ऊझ नदीला मिळते. मोठी चढली की तिचं पाणी छोटीत मागे शिरू नये म्हणून १९८० च्या दशकात संगमाजवळ दरवाजा बसवला. दरवाजा बंद असताना फॉसचं पाणी पंपांनी उचलून ऊझमध्ये टाकायचं. २६ डिसेंबर २०१५ ला फॉसलाच इतकं पाणी आलं की पंपघरातल्या विजेच्या यंत्रणेपर्यंत ते पोचू लागलं. यंत्रणा बंद पडून दरवाजा मिटलेल्या अवस्थेत अडकला असता तर संकट आणखी वाढलं असतं, म्हणून दरवाजा वर उचलावा लागला आणि शेकडो घरांत पाणी गेलं. दरवाज्यामागे आपण सुरक्षित, असं मानून बसलेल्यांत त्या रात्री मुक्कामाला आलेलेही होतेच.

घराच्या दारावर फळी लावून पाणी अडवण्याचंही तेच. पाण्याचा रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो. मीटरभर रुंद दारावर ३० सेंटीमीटर पाण्याचा रेटा सुमारे ४५ किलो वजनाइतका असतो. ६० सेंटीमीटरला तो १८० किलो होतो, १२० ला ७२० किलो. जुन्या विटांची, चुन्यात बांधलेली भिंत एवढा एकतर्फी रेटा घेण्यासाठी बांधलेलीच नसते. म्हणून ६० सेंटीमीटरच्या आसपास गेल्यावर जाणते लोक दार उघडून पाणी आत घेतात. आतबाहेर पातळी सारखी झाली की भिंत वाचते. तळघराच्या बाबतीत तर बाहेर पाणी उभं असताना पंप लावून आतलं उपसणं म्हणजे भिंत आत पाडण्याची तयारी. पाहुण्याला हे विचित्र वाटतं, मदतीला धावणाऱ्या उत्साही स्वयंसेवकाला तर जास्तच.

पूर ओसरल्यावरच्या घाईबद्दल मात्र आमची सर्वांत मोठी तक्रार आहे. गाळ ओला असेपर्यंतच निघतो; एकदा वाळला की कुदळ लागते. म्हणून अनुभवी लोक पाणी उतरत असतानाच, त्याच पाण्याने गाळ ढवळून बाहेर ढकलतात. इथे घाई योग्यच आहे. पुढची घाई घातक. दगड-विटांची भिंत वाळायला ढोबळ हिशेबाने दर इंचाला एक महिना लागतो. दीड फुटाची भिंत म्हणजे वर्ष-दीड वर्ष. हंगाम तीन महिन्यांवर आलेला असतो, म्हणून वरून सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट मारून भिंत ‘पूर्ववत’ केली जाते. आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही, ती वर चढते. क्षार पृष्ठभागाकडे येतात, लोणा धरतो, आणि दुसऱ्या वर्षी रंगासकट गिलाव्याचे पापुद्रे पडतात. पीओपीचं काम तर भिजलं की फुगून भुगाच होतं. हीटर लावून जबरदस्तीने वाळवलं तर लाकडी चौकटी पिळवटतात. चुन्याचा गिलावा श्वास घेतो म्हणूनच ही घरं चार-पाच शतकं पूर खाऊन उभी राहिली. त्यांना सिमेंट थापून आपण पुराने केलं नाही ते करतो.

ही घाई कुणासाठी होते? पाहुण्यासाठी. त्याला टवटवीत भिंती लागतात अशी समजूत आहे. त्याला खरं सांगितलं तर? फ्लॉरेन्सच्या १९६६ च्या पुरात तळघरांतल्या टाक्यांमधलं इंधनतेल पाण्यात मिसळलं आणि भिंतींवर काळा पट्टा उमटला. सांता क्रोचेमधलं, सोळाव्या शतकातल्या वासारी या चित्रकाराचं ‘शेवटचं भोजन’ हे पाच फळ्यांवरचं मोठं चित्र बारा तासांहून जास्त पाण्यात राहिलं, आणि परत लागलं २०१६ साली, पन्नास वर्षांनी. आता ते पुराचा इशारा आला की वर उचलून घेता येईल अशा यंत्रणेवर टांगलेलं आहे. पन्नास वर्षांचा तो धीर आणि ती उचलायची यंत्रणा हाही त्या चित्राचाच इतिहास झाला. अर्धवट गिलावा, बंद तळमजला, ‘वाळते आहे, हात लावू नये’ अशी चिठ्ठी हे सगळं पाहुण्याला समजतं, समजावलं तर.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. पूर दाखवायचा म्हटलं की तमाशा बघायला माणसं येतील, आणि बुडालेल्या घरासमोर उभं राहून फोटो काढतील. येतातही. पण त्यावर उपाय पूर लपवणं हा नाही. चालू पुरात बघ्याला जागा नाही, हे स्पष्टपणे आणि कारणासकट सांगायला हवं. वाहतं पाणी १५ सेंटीमीटर असलं तरी धडधाकट माणसाचा पाय उचलतं. ३० सेंटीमीटरला छोटी गाडी तरंगू लागते, ६० ला बहुतेक गाड्या वाहून जातात. त्याहून कमी पाण्यातून कुणी गाडी दामटली तर तिच्यामुळे उठलेली लाट दोन्ही बाजूंच्या दारांवर आदळते. रात्रभर फळ्या लावून वाचवलेला उंबरा त्या एका लाटेने जातो. जुन्या पुलावर उभं राहून पूर बघणं तर सर्वांत वाईट. १८९० साली चार्ल्स पुलाच्या तीन कमानी कोसळल्या, कारण वाहून आलेले ओंडके आणि तराफे कमानींत अडकून पुलाचाच बांध झाला. पाण्याने पायाखालची माती उकरली गेल्याचं वरून दिसत नाही, आणि पूल पूर उतरायला लागल्यावरही पडतो.

चालू पूर बघणं आणि पूर येणारं गाव बघणं यांत गल्लत होऊ नये, हे नृसिंहवाडीसारख्या ठिकाणी चांगलं कळतं. कृष्णेचं पाणी दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरून दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडतं तेव्हा दक्षिणद्वाराच्या स्नानाला भाविक येतात. पाणी त्याहून चढलं की उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात हलवली जाते. कोणत्या पातळीला काय करायचं, हे तिथे आधीच ठरलेलं आहे, आणि ते पुजाऱ्यांना, दुकानदारांना, येणाऱ्यांनाही माहीत असतं.

जिथे ही माहिती अंगवळणी होती तिथून ती आता वेगाने नाहीशी होते आहे, आणि त्यात पर्यटनाचा हात मोठा आहे. काठावरच्या तळमजल्यात राहणारं कुटुंब घर विकून किंवा भाड्याने देऊन वर जातं. घर पाहुण्यांना रोजाने दिलं जातं. मालक दुसऱ्या शहरात, किल्ली दाराशी आकड्यांच्या कुलपाच्या डबीत. माळ्यावर ओढायचा दोर कुठे आहे, विजेचं मुख्य बटण कुठल्या जिन्याखाली आहे, शेजारच्या आजी एकट्या असतात, हे माहीत असलेला माणूसच गल्लीत उरत नाही. रात्री अकराला येऊन झोपलेल्या पाहुण्याच्या मोबाइलवर इशारा आला तरी तो त्याला न येणाऱ्या भाषेत असण्याचाच संभव जास्त. भिंतीवर कोटी खर्च करणाऱ्या गावांनी या खोल्यांवर एक अट घालायला काय हरकत आहे? पूररेषेच्या आतली तळमजल्याची खोली भाड्याने द्यायची तर दाराच्या आतल्या बाजूला पाटी हवी.

पाटीवर चार ओळी. नदीची पातळी मोजपट्टीवर अमुक झाली की या दारात पाणी येतं. विजेचं मुख्य बटण अमुक ठिकाणी, पाणी उंबऱ्याला लागायच्या आत बंद करा. बाहेर पडून डावीकडे वळा, नदीकडे नको, चढाने चर्चपर्यंत, मंदिरापर्यंत, जे काही उंचावर असेल तिथपर्यंत चाला. गाडी राहू द्या. आणि शेवटची ओळ मागच्या पुराची: साल, आणि शेजारच्या भिंतीवर एक रेघ.